ध्वनीचें उधाण आणि भांग



भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या बाजूस निघालें म्हणजे प्रथम मिठागरें लागतात. मग मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें एकामागून एक मागें पडतात आणि रस्ता डोंगरी गांवांत शिरतो. एका अंगास टेकड्या आणि थोडें पुढें गेलें कीं समुद्र, अशी या गांवाची बैठक आहे. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं धारावीचें जें ठाणें घेतलें तें याच टापूंतलें. येथील ईस्ट इंडियन समाज पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहे. पण घरांत बोली मराठी, आणि लग्नांतलीं गाणींहि मराठीच.

या गांवांत माझ्या ओळखीचें एक घर आहे. त्या घरच्या मंडळींनीं तीसेक वर्षांपूर्वीं एका लग्नाची कॅसेट भरून ठेवली होती. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणण्याचा ‘उंबराचें पाणी’ नांवाचा विधि या समाजांत असतो. त्या प्रसंगीं घरची आजी गाणीं म्हणत होती आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर दोन मायक्रोफोन ठेवून तो सोहळा टिपून घेतला होता. आजी आतां नाहीं. तिच्या आवाजाचा तेवढाच ठेवा उरला. कॅसेट जुनी होत चालली, म्हणून मुलांनीं ती शहरांतल्या एका दुकानीं देऊन मोबाईलवर ऐकतां येईल अशी करून आणली. घरीं येऊन सर्व मंडळी ऐकावयास बसली. बॅन्ड ऐकूं आला, टाळ्या ऐकूं आल्या, मुलांचा कलकलाट, भांड्यांचा आवाज, सर्व कांहीं ऐकूं आलें. आजीचें गाणें मात्र नव्हतें. जणूं कोणी तिला एकटीलाच त्या मांडवांतून उचलून नेलें होतें. दुकानदार म्हणाला, ‘फीत झिजली आहे.’ परंतु झिजलेल्या फितींत बॅन्ड राहावा आणि अगदीं समोर बसलेल्या बाईचा आवाज तेवढा नाहींसा व्हावा, हें कसें? या प्रश्नाचें उत्तर ज्या शास्त्रांत आहे, त्याविषयींच आज मी आपणांशीं बोलणार आहें. चित्रपटगृहांत प्रेक्षकाच्या चारी बाजूंनीं आवाज उठविण्याची जी करामत आहे ती याच शास्त्रावर उभी आहे. ज्या गुणानें मागचा आवाज मागून येतो, त्याच गुणानें आजीचा आवाज हरवला.

ध्वनि ही लाट आहे, हें आपण सर्व जाणतों. लाटेला उंची असते; शिवाय तिला दुसरें एक अंग असतें, तें म्हणजे तिची ‘कला’. कला हा शब्द आपणांस चंद्रामुळें परिचित आहे. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत आणि पुन्हां पौर्णिमेपर्यंत चंद्र आपल्या फेऱ्यांत कोठें आला आहे, हें त्याची कला सांगते. तद्वत् लाट आपल्या चढउताराच्या फेऱ्यांत या क्षणीं कोठें आहे, माथ्यावर कीं तळाशीं, चढणीवर कीं उतारावर, हें सांगणें म्हणजे तिची कला सांगणें होय. पुरा फेरा ३६० अंशांचा धरला, तर अर्धा फेरा १८० अंशांचा आणि पाव फेरा ९० अंशांचा. दोन लाटांच्या कलांत जें अंतर पडतें त्यास कलांतर म्हणावें. आजचें सर्व भाषण या एका शब्दाभोंवतीं फिरणार आहे.

कलांतराचा प्रभाव पाहावयास प्रयोगशाळा नको. उत्तनचा किनारा पुरे आहे. कोळी बांधवांस उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला भेद सांगावा लागत नाहीं. समुद्राला चंद्र आपल्या ओढीनें एक भरती आणतो आणि सूर्य दुसरी. चंद्राची भरती १०० मापांची मानली तर सूर्याची सुमारें ४६ मापांची भरते. अमावास्येस व पौर्णिमेस दोहोंचे माथे एकाच वेळीं येतात. तेव्हां १०० आणि ४६ मिळून १४६ होतात. तें उधाण. अष्टमीस चंद्राच्या भरतीचा माथा आणि सूर्याच्या भरतीचा तळ एका वेळीं पडतो. तेव्हां १०० मधून ४६ वजा जाऊन ५४ उरतात. तो भांग. प्रत्यक्षांत पाणी एक-दोन दिवस उशिरानें हा हुकूम पाळतें. पण तो बारकावा तूर्त बाजूस ठेवूं. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, चंद्र तोच, सूर्य तोच, दोघांची ओढहि जवळ जवळ तीच. बदललें तें केवळ कलांतर. तेवढ्यानें १४६ चे ५४ झाले.

आतां कोणी चौकस श्रोता विचारील, ‘उधाण आणि भांग यांच्या अधल्यामधल्या दिवशीं, म्हणजे चतुर्थीच्या सुमारास, काय होतें?’ त्या वेळीं कलांतर अर्ध्या फेऱ्याचें नसतें आणि शून्यहि नसतें. तें पाव फेऱ्याचें असतें. एकाचा माथा येतो तेव्हां दुसरा आपल्या चढउताराच्या बरोबर मध्यावर असतो. त्यामुळें दोघे परस्परांस पुरी मदतहि करीत नाहींत आणि पुरें मारीतहि नाहींत. अशा दोन लाटांची बेरीज कशी करावी, हें आपला गवंडी जाणतो. कोपरा काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो एका भिंतीवर तीन फूट मोजतो, दुसरीवर चार फूट मोजतो आणि मधलें तिरकें अंतर पांच फूट भरलें म्हणजे समाधान पावतो. पाव फेऱ्याच्या कलांतरानें भेटणाऱ्या लाटांचा हिशेब असाच काटकोनाचा आहे. तीन आणि चार उंचीच्या दोन लाटा एकाच कलेंत भेटल्या तर सात होतात, उलट कलेंत भेटल्या तर एक उरतो, आणि पाव फेऱ्यानें भेटल्या तर पांच होतात. शिवाय ती लाट पाव फेरा पुढें असो वा पाव फेरा मागें असो, उत्तर पांचच. सात, एक आणि पांच हे तीन आंकडे श्रोत्यांनीं मनांत धरून ठेवावे. आपल्याला पुढें त्यांचाच उपयोग आहे.

आतां कानाकडे वळूं. काळोख्या रात्रीं खाडींत असतां दुसऱ्या होडीचें यंत्र कोणत्या बाजूस वाजत आहे, हें नाखवा न पाहतां सांगतो. त्याचें एक कारण असें कीं, आवाज जवळच्या कानास आधीं आणि दूरच्या कानास किंचित् उशिरा पोहोंचतो. हा उशीर फार झाला तरी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारें दोन-तृतीयांशापलीकडे जात नाहीं. पण मेंदूस तेवढा पुरतो. खालच्या पट्टीच्या आवाजांत कान कलांतरावरून दिशा ओळखतो, हें लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ सालीं मांडलें. पुढें ॲलन ब्लमलाइन या तरुण इंजिनियरनें १९३१ सालच्या डिसेंबरांत दोन मार्गांनीं ध्वनि टिपून घेण्याच्या पद्धतीचें पेटंट मागितलें. आज आपण ज्यास स्टीरिओ म्हणतों त्याचा पाया त्या कागदांत आहे. दोन मार्गांची बेरीज आणि वजाबाकी करून ध्वनीची दिशा घडवितां येते, हा विचार त्यांत स्पष्ट आहे. त्याच १९३१ सालीं १४ मार्च रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला, आणि १९३२ सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलूं लागला. त्या बोलपटांत पडद्यामागून एकच आवाज येई, आणि तेवढ्यानेंच लोक चकित होत.

पुढें चित्रपटवाल्यांस अशी इच्छा झाली कीं, आवाज डावीकडून यावा, मधून यावा, उजवीकडून यावा आणि प्रेक्षकाच्या पाठीमागूनहि यावा. त्यासाठीं चार मार्ग पाहिजेत. १९७५ सालचा ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या रुंद फितीवर सहा चुंबकीय मार्गांनिशीं निघाला तो याच हौसेनें. परंतु तशी फीत महाग, आणि ती दाखविण्याचें यंत्र थोड्या थिएटरांत. साध्या ३५ मिलिमीटरच्या फितीच्या कडेला ध्वनीसाठीं जी अरुंद पट्टी असे, तींत दोन मार्ग कसेबसे बसत. चार आवाज दोन मार्गांत कसे भरावे आणि भरल्यावर पुन्हां वेगळे कसे करावे, हें कोडें होतें. पीटर शायबर प्रभृति संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ग्रामोफोनच्या तबकडीसाठीं तें सोडविलें, आणि डॉल्बी लॅबोरेटरीजनें चित्रपटासाठीं वापरलें. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ जगभर गाजला त्यांत या पद्धतीचा वांटा मोठा होता.

या पद्धतीचे नियम चारच आहेत. डावीकडचा आवाज डाव्या मार्गांत घालावा. उजवीकडचा उजव्या मार्गांत घालावा. मधला आवाज दोन्ही मार्गांत सारखा आणि एकाच कलेंत घालावा. पाठीमागचा आवाज दोन्ही मार्गांत सारखा, पण उलट कलेंत घालावा. एकींत माथा तेव्हां दुसऱ्यांत तळ. थिएटरांत यंत्र काय करतें? दोन मार्गांची बेरीज करतें. तींत मागचा आवाज आपोआप मारला जातो आणि मधला उरतो. तो पडद्याच्या मध्यभागीं द्यावा. मग वजाबाकी करतें. तींत मधला आवाज मारला जातो आणि मागचा उरतो. तो प्रेक्षकाच्या पाठीमागें द्यावा. म्हणजे बेरजेंत भांग झाला त्याचें वजाबाकींत उधाण होतें, आणि बेरजेंतल्या उधाणाचा वजाबाकींत भांग होतो.

हें इतकें सोपें असतें तर पाव फेऱ्याची गरजच पडली नसती. अडचण अशी कीं, पुष्कळ आवाज एकाच वेळीं पुढेंहि असतात आणि मागेंहि असतात. पावसाची सर समोर पडते तशी पाठीमागेंहि पडते. तंबोऱ्याचा सूर पुढून येतो आणि सभागृहांत घुमून मागूनहि येतो. समजा, एकच सूर पुढें चार मापांचा आणि मागें तीन मापांचा ठेवावयाचा आहे. वरील नियमाप्रमाणें मागचा भाग डाव्या मार्गांत सरळ आणि उजव्या मार्गांत उलट घातला, तर डाव्या मार्गांत चार अधिक तीन, म्हणजे सात झाले; उजव्या मार्गांत चार वजा तीन, म्हणजे एक उरला. आतां ज्याच्या घरीं साधे दोनच ध्वनिक्षेपक आहेत त्याला काय ऐकूं येईल? एकीकडे सात, दुसरीकडे एक! सूर मध्यभागीं ठेवला होता, तो डाव्या भिंतीला जाऊन चिकटला. गाणें बिघडलें, आणि बिघडलें कां, हें कोणास कळणार नाहीं.

यावरचा उपाय म्हणजेच पाव फेऱ्याचें कलांतर. मागचा आवाज डाव्या मार्गांत ९० अंश पुढें आणि उजव्या मार्गांत ९० अंश मागें घालावा. दोन मार्गांतील त्याचें परस्पर कलांतर १८० अंशांचेंच राहिलें, म्हणून वजाबाकी करणाऱ्या यंत्राचें काम बिघडत नाहीं. परंतु पुढच्या चार मापांशीं त्याचें नातें आतां दोन्ही मार्गांत काटकोनाचें झालें. डावीकडे चार आणि तीन मिळून पांच. उजवीकडेहि चार आणि तीन मिळून पांच. सात आणि एक यांच्या जागीं पांच आणि पांच आले, आणि सूर पुन्हां मध्यभागीं स्थिर झाला. ज्याच्या घरीं चार बाजूंची व्यवस्था आहे त्यालाहि बेरजेनें पुढचा सूर आणि वजाबाकीनें मागचा सूर पूर्ववत् मिळतो. पाव फेऱ्याच्या युक्तीचें सारें मर्म यांत आलें.

आतां हा पाव फेरा देतात कसा? पुष्कळांस वाटेल कीं आवाज थोडा उशिरा सोडला म्हणजे झालें. तसें नाहीं. सेकंदास १०० कंपनें असलेल्या सुराचा पाव फेरा म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले असतां त्यांतले अडीच भाग. १००० कंपनांच्या सुराचा पाव फेरा त्याच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे पाव भाग. एकच ठराविक उशीर दिला तर तो एका सुरास पाव फेरा, दुसऱ्यास अर्धा आणि तिसऱ्यास पुरा होऊन बसेल. म्हणून इंजिनियर दोन विद्युन्मंडलें जोडीनें बांधतात. दोन्ही मंडलें सुरांची उंची न बदलतां त्यांची कला तेवढी फिरवितात. प्रत्येक मंडल कला किती फिरवितें हें सुरागणिक बदलतें. पण दोघांमधलें अंतर मात्र खालपासून वरपर्यंत सुमारें ९० अंशांचेंच राहतें. पुढचे आवाज एका मंडलांतून आणि मागचे दुसऱ्यांतून काढले कीं काम झालें. आज संगणक हेंच काम गणितानें करतो, आणि तें गणित हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाच्या नांवानें ओळखलें जातें.

या पद्धतीस मर्यादाहि होत्या, त्या सांगितल्या पाहिजेत. जो आवाज केवळ डाव्या मार्गांत आहे तो बेरजेंतहि येतो आणि वजाबाकींतहि येतो. म्हणून तो थोडा मधूनहि आणि थोडा मागूनहि ऐकूं येतो. दोन भांड्यांतलें पाणी चार भांड्यांत वाटलें तर तें कोठें तरी मिसळणारच. यावर तोड म्हणून मागचा आवाज किंचित् उशिरा सोडीत. जो आवाज आधीं कानीं पडतो त्याच्याच दिशेस मन खिळतें, हें हास या जर्मन संशोधकानें १९४९ सालीं दाखविलें होतें. त्याचा येथें फायदा झाला. तसेंच मागच्या आवाजांतून ७००० कंपनांच्या वरचे सूर गाळून टाकीत. १९८७ सालीं घरगुती यंत्रांसाठीं ‘प्रो लॉजिक’ निघालें. कोणत्या क्षणीं कोणत्या बाजूचा आवाज प्रबळ आहे हें पाहून तें इतर बाजूंची गळती दाबून टाकतें.

डॉल्बी या नांवाविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकींत ध्वनिक्षेपकांची जी भिंत ट्रकवर उभी करतात तिलाच लोक ‘डॉल्बी’ म्हणूं लागले. ज्या गृहस्थाचें हें आडनांव, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळांत युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतांतच होते. १९६५ सालीं त्यांनीं लंडनमध्यें आपली प्रयोगशाळा काढली, आणि तिचा पहिला शोध कोणता? फितींतली खरखर कमी करण्याचा. ज्यानें जन्मभर नको असलेला आवाज घालविण्याचा उद्योग केला त्याचेंच नांव आपण कानठळ्यांस दिलें, ही काळाची थट्टा होय. १९९४ चा ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ हा या पद्धतीनें ध्वनि दिलेल्या आरंभीच्या हिंदी चित्रपटांत गणला जातो.

पुढें अंकीय युग आलें. १९९२ पासून चित्रपटाच्या फितीवर डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि खर्जाचा वेगळा, असे सहा मार्ग स्वतंत्र मावूं लागले. पुढें ते घरच्या तबकडीवरहि आले. तेव्हां कोणासहि वाटेल कीं, आतां बेरीज-वजाबाकीचा आणि पाव फेऱ्याचा संसार आटोपला. पण तो आटोपला नाहीं. कारण तबकडी सहा मार्गांची असली तरी ऐकणाऱ्याकडे सहा ध्वनिक्षेपक असतीलच असें नाहीं. दोनच असले तर घरचें यंत्र सहांचे दोन करतें. आणि तें करतांना मागचे आवाज डाव्या मार्गांतून वजा करतें व उजव्यांत मिळवितें, म्हणजे पुढें कोणास ते पुन्हां वेगळे काढावयाचे असल्यास काढतां यावे. या स्वस्त यंत्रांत कला फिरविण्याची सोय बहुधा नसते. तें नुसतें अधिक-उणें जाणतें. म्हणून पाव फेरा आधींच, ध्वनि तबकडीसाठीं बांधून देतांना, मागच्या मार्गांना देऊन ठेवावा लागतो. ध्वनि बांधणाऱ्या यंत्रांत त्यासाठीं एक खास कळ असते.

ती कळ दाबली नाहीं तर काय होईल? गुणकांचा बारकावा सोडून आपल्याच आंकड्यांनीं पाहूं. पडद्यावर एक होडी डाव्या कडेनें येऊन प्रेक्षकाच्या पाठीमागें जात आहे. ती कानाशेजारून जात असतां तिचा आवाज पुढच्या डाव्या मार्गांत चार आणि मागच्या डाव्या मार्गांत तीन आहे. सहांचे दोन करतांना डाव्या मार्गांत चार वजा तीन, म्हणजे एक राहिला. उजव्या मार्गांत मात्र मिळविलेले तीन गेले. डावीकडची होडी एकाएकीं उजवीकडे उडी मारून गेली! कळ दाबली असेल तर डाव्या मार्गांत काटकोनाच्या हिशेबानें पांच आणि उजव्यांत तीन. होडी डावीकडेच राहिली. उलट एका कारागिरानें पाव फेरा दिला आणि तें न कळवल्यामुळें दुसऱ्यानें पुन्हां दिला, तर दोन पावांचा अर्धा होतो. मागचे आवाज पुढच्यांच्या थेट उलट कलेंत येतात. सहा ध्वनिक्षेपकांच्या खोलींत खालचे सूर एकमेकांस खातात, आणि दोहोंत रूपांतर केलें तर आपले सात आणि एक हे जुने शत्रू पुन्हां दारीं येतात. औषध एकदांच घ्यावयाचें असतां दोनदां घेतल्यासारखें हें आहे. म्हणून मूळ फितीबरोबर ‘पाव फेरा दिला आहे’ किंवा ‘दिलेला नाहीं’ एवढी ओळ लिहून ठेवणें हें या धंद्यांतलें मोठें कर्तव्य आहे.

दुसरी एक गफलत याहूनहि बारीक आहे. दोन मार्गांच्या जुन्या फितीचें रूपांतर करतांना यंत्राचें डोकें किंचित् तिरपें बसलें, तर एक मार्ग दुसऱ्याहून सेकंदाच्या वीस हजाराव्या भागानें मागें पडतो. एवढ्यानें काय होणार, असें वाटेल. पण ५००० कंपनांच्या सुरास तेवढा उशीर म्हणजे पाव फेरा आणि १०००० कंपनांच्या सुरास अर्धा फेरा. बोलण्यांतले स आणि श हे वर्ण अशाच उंच सुरांचे बनलेले असतात. परिणाम असा होतो कीं, नट समोर बोलतो आणि त्याच्या शब्दांतले सकार तेवढे प्रेक्षकाच्या पाठीमागून फिसकारतात. मागच्या मार्गांतले उंच सूर गाळण्यांत हाहि एक हेतु होता.

आतां मी आपल्या डोंगरीच्या कॅसेटकडे परत येतों. आपण सर्वांनीं उत्तर बहुधा ओळखलेंच असेल. त्या दोन मायक्रोफोनांपैकीं एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळें मधोमध बसलेल्या आजीचा आवाज दोन मार्गांत सारखा, पण उलट कलेंत टिपला गेला. दोन ध्वनिक्षेपकांच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर इतकीं वर्षें तो ऐकूं येत होता. थोडा पोकळ वाटे, इतकेंच. दुकानदारानें दोन मार्गांचा एक मार्ग केला, म्हणजे दोहोंची बेरीज केली. बेरजेंत उलट कलेचे आवाज मारले जातात, हें आपण पाहिलें. बॅन्ड, टाळ्या, मुलें हीं बाजूंस आणि दूर दूर होतीं. त्यांचे आवाज दोन मायक्रोफोनांत वेगवेगळे पडले होते, म्हणून तें सर्व राहिलें. जी अगदीं समोर आणि अगदीं मध्यें होती तीच गेली. चित्रपटांतला मागचा आवाज एकाच ध्वनिक्षेपकाच्या यंत्रावर जसा पुसला जातो, तशीच आजी पुसली गेली.

सुदैवानें मूळ कॅसेट घरांत होती. ती पुन्हां दोन मार्गांनीं उतरवून घेतली, एक मार्ग उलटा केला, म्हणजे त्यास अर्धा फेरा दिला, आणि मगच बेरीज केली. जेथें भांग होता तेथें उधाण आलें. आजीचा आवाज बॅन्डच्याहि वर स्वच्छ उमटला, आणि तिच्या नातीनें तो प्रथमच नीट ऐकला.

परंतु ती कॅसेट फेंकून दिली असती तर? मग जगांतलें कोणतेंहि गणित तिला परत आणूं शकलें नसतें. बेरीज पांच आहे एवढेंच ठाऊक असतां ते चार आणि एक होते कीं तीन आणि दोन, हें कोण सांगणार? दोन मार्गांचा एक करणें सोपें आहे. एकाचे दोन करणें शक्य नाहीं. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें जुने चित्रपट मूळ स्वरूपांत राखावे याच हेतूनें. जो नियम मोठ्या संग्रहास लागू तोच घरच्या एका कॅसेटीसहि लागू आहे.

म्हणून जातां जातां तीन सूचना करतों. घरीं दोन ध्वनिक्षेपक लावतांना तांबडी तार तांबड्या खुंटीस आणि काळी काळ्या खुंटीस, हें दोन्हीकडे सारखें आहे ना, तें पाहावें. बोलणाऱ्याचा आवाज मध्यभागीं घट्ट न वाटतां पोकळ आणि खर्जावांचून वाटला, तर एकाच ध्वनिक्षेपकाच्या तारा उलटवून पाहाव्या. दुसरें, जुनी फीत उतरवून घ्यावयाची असेल तर दोन्ही मार्ग जसेच्या तसे उतरवावे, आणि एकत्र करण्यापूर्वीं बेरीज कशी ऐकूं येते तें कानानें तपासावें. तिसरें, मूळ फीत कधींहि टाकूं नये, आणि तिच्यावर काय केलें तें तारखेसह लिहून ठेवावें.

आपल्या किनाऱ्यावर अशा कॅसेटी घरोघर पेट्यांत पडून आहेत. ज्या आवाजांस पुन्हां बोलावितां येत नाहीं असे पुष्कळ आवाज त्यांत आहेत. त्यांपैकीं एखादा पुढील वर्षीं कोणा दुकानांत बेरजेंत हरवूं नये, एवढ्याच इच्छेनें मीं आज हा विषय आपणांपुढें ठेवला.